पूर्वज शोधायचे तर आधी फेरफार वाचा

माढा तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावात पणजोबांविषयी विचारले, तर बहुतेक घरांत एखाद-दुसरे वाक्यच हाती लागते. ते जर्मनच्या लढाईत गेले होते, मार्शल लॉच्या वेळी सोलापुरात होते, किंवा आपण मूळचे इथले नव्हे, परांड्याकडून आलो. तेवढ्या वाक्यावर पुढची पिढी शोध सुरू करते, आणि हल्ली तो मोबाइलवर आडनाव टाकून सुरू होतो. इंग्लंड-अमेरिकेत वंशशोधाची जी मार्गदर्शक पुस्तके निघतात त्यांत आधी जनगणना, मग सैन्याची कागदपत्रे आणि मग वर्तमानपत्रे असा क्रम सांगितलेला असतो. त्यांच्यासाठी तो बरोबरच आहे, कारण तिकडे घराघराच्या जनगणनेचे मूळ तक्ते ठरावीक काळानंतर लोकांना खुले होतात. इंग्लंडमधील १९२१ चे तक्ते २०२२ च्या जानेवारीत खुले झाले, अमेरिकेतले १९५० चे त्याच वर्षी एप्रिलमध्ये. आपल्याकडे मात्र याच क्रमाने गेलेला माणूस महिनाभरात हताश होऊन शोध सोडून देतो. आपल्या भागात सुरुवात गावदप्तरापासून, म्हणजे फेरफार, वारस नोंद, गाव नमुना १४ आणि शाळेच्या रजिस्टरपासून केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. सैन्य, जनगणना आणि वर्तमानपत्रे या तिन्ही वाटा खऱ्या आहेत, पण त्यांची किल्ली गावदप्तरात आहे.

यामागचे पहिले कारण नावाचे आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कागदात आपला माणूस आडनावाने क्वचित भेटतो, तो भेटतो ‘रामा बिन भिवा’ असा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, निजामाच्या मुलखात त्याच जागी ‘वलद’ येते, आणि बाईच्या नावापुढे ‘कोम’ लावून नवऱ्याचे नाव लिहिलेले असते. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्यांतल्या महार शिपायांची ओळख आडनावाने नाही, नावाला जोडलेल्या ‘नाक’ या प्रत्ययाने पटते. त्या शिपायांच्या आजच्या वंशजांनी आपले आडनाव घेऊन ती यादी कितीही वेळा वाचली तरी त्यांना काही सापडणार नाही. त्यात आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत. रामा बिन भिवा, त्याचा मुलगा भिवा बिन रामा, आणि त्याचा मुलगा पुन्हा रामा बिन भिवा. हे दोन रामा एकच समजले की मधल्या दोन पिढ्या गडप होतात, आणि हातांनी काढलेल्या वंशावळींत हीच चूक सर्वांत जास्त दिसते. टेंभुर्णी नावाचे गावही एकच नाही, जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यात दुसरी टेंभुर्णी आहे. म्हणून माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका आणि अंदाजे वय या पाच गोष्टी जुळल्याशिवाय कुठल्याही यादीतल्या माणसाला आपला म्हणू नये. या पाचही गोष्टी एका जागी मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त कुठे असेल, तर ती गावदप्तरात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आजचा सातबारा हातात घ्या आणि त्यावरचे फेरफार क्रमांक पाहा. प्रत्येक क्रमांकामागे गाव नमुना ६ मधली एक नोंद असते, आणि तिच्यात जमीन कुणाकडून कुणाकडे व का गेली ते लिहिलेले असते. मृत्यूमुळे गेली असेल तर मयताचे नाव, कधी वारल्याची तारीख, वारसांची नावे, वये आणि नाती सापडतात. एक फेरफार मागच्या फेरफाराकडे नेतो, तो त्याच्याही मागच्याकडे, आणि असे उलट चालत गेले की मुंबई इलाख्याच्या १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यापाशी आपण पोहोचतो. वाटेत एकत्रीकरण योजनेचा अडथळा येतो, कारण तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तो ओलांडायला ९(३)-९(४) चा उतारा मागावा, त्यात जुना आणि नवा नंबर एकमेकांशी जोडलेला असतो. त्याच्या मागे क-ड-ई पत्रक, पाहणीपत्रक, शेतवार पत्रक असे थर लागतात. हे कागद माढ्याच्या तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागायचे, आणि अर्जात सर्व्हे नंबर व काळ नेमका लिहायचा. ‘आमच्या पूर्वजांची सर्व कागदपत्रे’ अशा मागणीला उत्तर मिळत नाही, आणि मिळू शकतही नाही. आपल्या भागाचे एक भाग्य असे की गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या ज्या पाहणीवर पुढे सगळ्या मुंबई इलाख्याची जमीनमोजणी उभी राहिली, ती १८३५ च्या सुमारास भीमेपलीकडच्या इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. भीमाकाठच्या गावांना जमिनीच्या नोंदीची परंपरा अशी फार आधीपासून आहे.

हे कागद वाचायची एक रीत आहे, आणि ती आली की कोरड्या नोंदीतून घर उभे राहते. जुन्या नोंदीत हिस्सा आणे-पैत असतो आणि पूर्ण जमीन सोळा आणे धरलेली असते. चार आणे हिस्सा दिसला तर वाटेकरी बहुधा चार होते, पाच आणे चार पै दिसले तर तीन, दोन आणे आठ पै दिसले तर सहा. तिघांपैकी दोघांचीच नावे ठाऊक असतील, तर तिसरा भाऊ होता आणि त्याचे पुढे काय झाले हे शोधायचे आहे, एवढे तरी तो हिस्सा सांगतो. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव त्याचे एकट्याचे असले तरी त्यामागे भाऊ-पुतणे आहेत असे समजावे. ‘अज्ञान पालनकर्ती आई’ असा शेरा आला तर बाप तरुणपणी वारला, आणि १९१८ च्या आसपासची नोंद असेल तर एन्फ्लुएंझाची साथ मनात आणावी. ‘वर्ग २’ किंवा ‘नवीन शर्त’ असा शेरा असेल तर सरकारने ती जमीन कोणत्या कारणाने दिली ते मूळ आदेशात पाहावे. अशा जमिनी देण्याच्या कारणांपैकी माजी सैनिक असणे हेही एक होते, आणि इथे जमिनीची वाट एकदम पलटणीच्या वाटेला मिळते. वर्षांच्या बाबतीत सावध राहावे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मुंबईकडच्या फसलीत ५९० मिळवावे लागतात, आणि फसली वर्ष मृगाला बदलत असल्याने एका वर्षाचा फरक पडू शकतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ज्यांना जमीनच नव्हती त्यांनी काय करायचे? गावदप्तर म्हणजे केवळ सातबारा नव्हे, हे त्याचे उत्तर. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यू जमीन पाहून नोंदवले जात नव्हते. महार, रामोशी यांसारख्या वतनदारांची नावे वतनाच्या कागदांत आहेत, आणि ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५९ मध्ये अमलात आला तेव्हाच्या फेरफारांतही बरीच घराणी पुन्हा दिसतात. शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित कागद. त्यात मुलाचे नाव, पालक, जन्मगाव, जात आणि आधीची शाळा असते. फक्त जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी घातलेली आहे असे धरून चालावे. उजनी धरणात ज्यांची शेते-घरे गेली त्यांना भूसंपादनाचे निवाडे आहेत, आणि भरपाई कुणाकुणाला द्यायची ते ठरवताना सगळे हिस्सेदार त्यात उतरले आहेत.

दुसरा आक्षेप बायकांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. आपली कागदपत्रे बाईला कुणाची तरी बायको म्हणून ओळखतात, लग्नानंतर तिचे नावही बदलते, आणि वंशावळीत ती एका रेघेपुरतीही उरत नाही. तरी दोन जागा आवर्जून पाहाव्यात. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बहिणींची नावे लागत असत, आणि हक्कसोडपत्राने ती कमी झाली तरी फेरफारात राहतात, अनेकदा सासरच्या गावासकट. दुसरी जागा म्हणजे तिच्या माहेरचे दप्तर. टेंभुर्णीच्या सोयरिकी चहूकडे पसरल्या आहेत. भीमा ओलांडली की इंदापूर पुणे जिल्ह्यात लागते, माळशिरस एके काळी साताऱ्यात मोडत होते, आणि परांडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथल्या जुन्या नोंदी उर्दूत सापडतात. आजीचे माहेर शोधायचे तर त्या काळी ते गाव कोणत्या सरकारकडे होते हे आधी ठरवावे.

एवढी तयारी झाली की मग पलटणीकडे जावे. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४,००० भारतीय सैनिक मरण पावले. त्यांची नोंद राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते, आणि बऱ्याच नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला आहे. सोलापूरचे स्पेलिंग तेव्हा ‘शोलापूर’ असे केले जाई. टेंभुर्णीचे स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे असणार, म्हणून चार-पाच प्रकारे शोधावे. घरात ‘बसरा’ हा शब्द चालत आला असेल तर इराकमधल्या कुतच्या वेढ्याचा विचार करावा. १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तिथे अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कैदेत गेलेल्यांपैकी असंख्यांना कबर किंवा चिताही धड मिळाली नाही, त्यांची आठवण बसऱ्याच्या स्मारकावर आहे. त्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या शिपायांची मात्र पलटणीगणिक फक्त संख्या. हा अन्याय होता आणि तो विसरला जाऊ नये. शिपायांची नावे आज आयोगाच्या यादीतच पाहावी लागतात. ‘मराठा’ पलटण म्हणजे सगळे मराठा जातीचे, असेही समजू नये, त्या पलटणींत दखनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. महार घराण्यांसाठी काळाचे गणित वेगळे आहे. १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद झाली, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली, आणि आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ पासूनची. घरातली आठवण या काळात बसते का ते आधी पाहावे.

परत आलेल्या शिपायांचा शोध यापेक्षा कठीण, कारण मृतांची यादी त्यांना लागू नाही. इथे घरातली पेटी उघडावी. पदक असेल तर त्याच्या कडेवर भिंग धरा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते. पहिल्या युद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचे असेल तर माणूस शिपाई, आणि काशाचे असेल तर बहुधा मजूर तुकडीतला किंवा लष्कराबरोबर गेलेला नोकर. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद मिळाला तर उत्तमच. पलटणीचा क्रमांक वाचताना १९२२ ची पुनर्रचना लक्षात ठेवावी. १०३ वी तेव्हा पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी. नंबर आणि पलटण हाती असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाकडे किंवा सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे नेमका अर्ज करता येतो. नुसत्या नावाने अर्ज केला तर त्याच नावाच्या कित्येक शिपायांतून आपला माणूस ओळखायचा कसा, हा प्रश्न तिथल्या कारकुनालाही पडतो.

जनगणनेबद्दल मात्र आशा मर्यादित ठेवावी. आपल्याकडे पहिली जनगणना १८७२ ची, आणि देशभर एकाच वेळी झालेली पहिली १७ फेब्रुवारी १८८१ ची. गावाची लोकसंख्या, जातवार आकडे, साक्षरता, धंदे हे सारे छापील अहवालांत आहे, पण घराघराच्या चिठ्ठ्या आकडे काढण्यासाठी होत्या, जपण्यासाठी नव्हत्या. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याचे १५ वे कलम वैयक्तिक नोंदी पाहू देत नाही. एक अपवाद आहे. १९५१ च्या गणनेतून ‘नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर’ गावोगाव लिहिले गेले. लोकांना ते आसामपुरतेच ठाऊक आहे, पण महाराष्ट्रातही ते आहे आणि महसुली दप्तरांत अनेक ठिकाणी टिकलेही आहे. त्यात घर, कुटुंबातली माणसे, नाती आणि वये एकत्र भेटतात. टेंभुर्णीचे मिळते का, हा प्रश्न अभिलेख कक्षात अवश्य विचारावा.

कुणी म्हणेल, जमिनीच्या नोंदी कर गोळा करण्यासाठी लिहिलेल्या, त्यांच्यावर कुटुंबाचा इतिहास उभा करणे म्हणजे हलक्या पुराव्यावर समाधान मानणे. आयर्लंडचे उदाहरण याच्या उलट सांगते. तिथे १९०१ पूर्वीच्या जनगणनेचे बहुतेक तक्ते उरले नाहीत. काही सरकारनेच नष्ट केले, काही १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराबरोबर जळाले. मग आयरिश लोकांनी जमीनमालक आणि कुळांची १८४७ ते १८६४ दरम्यान तयार झालेली ग्रिफिथची मूल्यांकन यादी आधाराला घेतली, आणि जगभर पसरलेल्या आयरिश घराण्यांचा शोध आज तिच्यावर चालतो. आपल्याकडचा पुरावा तर अगदी ताजा आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. तेव्हा तपासले गेले ते पाहणीपत्रक, क पत्रक, कूळ नोंदवही, गाव नमुना १४, शाळांची रजिस्टरे, नोंदणी कार्यालयातली खरेदीखते आणि दत्तकपत्रे, १९५१ चे रजिस्टर, माजी सैनिकांच्या नोंदी. लाखो नोंदी त्यातून निघाल्या. आरक्षणाबद्दल कुणाचे मत काहीही असो, सरकारला इतक्या माणसांचे पूर्वज शोधायची वेळ आली तेव्हा तेही गावदप्तराकडेच गेले, एवढे यातून घ्यावे.

वर्तमानपत्रे मी शेवटी ठेवतो ती त्यांचे मोल कमी म्हणून नव्हे. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासूनचा, ‘दीनबंधु’ १८७७ चा, ‘केसरी’ १८८१ चा, ‘मूकनायक’ १९२० चा. पण जुन्या मराठी अंकांना नामसूची नाही, आणि जुना मराठी टंक यंत्राला नीट वाचता येत नाही. म्हणून इथे नावाने शोधू नये, तारखेने शोधावे. घरात ‘मार्शल लॉ’ची आठवण असेल तर १९३० च्या मे महिन्यापासून १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरचे चौघे हुतात्मे फाशी गेले तोपर्यंतचे अंक ग्रंथालयात बसून पानोपान चाळावेत. साधा शेतकरी बातमीत क्वचित येतो. तो येतो देणगीदारांच्या यादीत, कोर्टाच्या लिलावात, जमिनीच्या जाहीर नोटिशीत. आडनाव अचानक बदललेले दिसले तर सरकारी राजपत्रातल्या नावबदलाच्या जाहिराती पाहाव्यात. फेरफारातली तारीख हातात असेल तर हे काम दोन-चार दिवसांचे, नसेल तर आयुष्य पुरणार नाही.

मोडीचे काय, असा प्रश्न राहतो. पन्नासच्या दशकापर्यंतचे पुष्कळ कागद मोडीत आहेत हे खरे, पण त्यासाठी थांबू नये. आपल्या घराण्यातली दहा-बारा नावे, आकडे, महिने आणि ‘बिन’, ‘वलद’, ‘कोम’ हे शब्द मोडीत ओळखता येण्याइतपत अभ्यास पुरे, उरलेले जाणकाराकडून वाचून घ्यावे. नंतर कुणी वेगळ्या शाईने अक्षर घातले आहे का, हेही त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांच्या आणि पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांबद्दल माझे मत असे: वहीत ज्या सालची भेट नोंदली आहे त्या वेळच्या हयात माणसांची नावे भक्कम पुरावा मानावीत, त्यामागच्या सात पिढ्या केवळ माग म्हणून घ्याव्यात. सरदारकीच्या घरगुती कथेलाही हाच नियम. आणि कागदाने कथा खोटी पाडली, पूर्वज गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातीत निघाला, किंवा जातीचा उल्लेख आज टोचेल असा सापडला, तर तो खोडू नये, सौम्यही करू नये. त्या माणसाने काय सोसले याची तेवढी एकच साक्ष उरलेली असू शकते.

प्रत्येक कागदाचे छायाचित्र घेताना कार्यालय, रजिस्टरचे नाव, पान आणि तारीख त्याच वेळी वहीत लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी ते छायाचित्र कुठले हेच सांगता येत नाही. आणि तहसीलला जाण्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ बसा. शेताला घरात काय म्हणत, कोणत्या बांधावरून भांडण झाले, दिवाळीला कुठल्या गावचा मामा येई, कोण लढाईवरून परतला नाही, हे विचारा. शेताचे नाव कळले की सर्व्हे नंबर सापडतो, आणि सर्व्हे नंबर सापडला की अर्जात लिहायला काहीतरी नेमके असते.